मिडी कीबोर्ड कंट्रोलर

मिडी कीबोर्ड कंट्रोलर हे पियानोसारख्या कळा असलेले, परंतु स्वतः कोणताही आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. कोणती कळ दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच माहिती ते संख्यांच्या स्वरूपात संगणकाकडे, मोबाइलकडे किंवा दुसऱ्या वाद्याकडे पाठवते. त्या संख्यांवरून प्रत्यक्ष ध्वनी निर्माण करण्याचे काम सॉफ्टवेअर किंवा सिंथेसायझर करतो. घरच्या घरी संगीताचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांमध्ये हे उपकरण सर्वाधिक प्रचलित आहे.

मराठीत कोणत्याही इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला सर्रास ‘कॅसिओ’ म्हटले जाते. त्यामुळे कंट्रोलरला स्पीकर नसतो आणि तो नुसता विजेला जोडून वाजत नाही, ही बाब अनेक खरेदीदारांच्या लक्षात उशिरा येते. महाराष्ट्रात कीबोर्डकडे वळणारे बहुसंख्य वादक पियानोवरून नव्हे, तर हार्मोनियमवरून म्हणजे पेटीवरून येतात. कंट्रोलरची रचना मात्र पियानो आणि सिंथेसायझर डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. त्यामुळे निवडीविषयीचा जो सर्वसाधारण सल्ला प्रचलित आहे, तो पेटीवादकाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

इतिहास

१९७०च्या दशकात प्रत्येक कंपनीच्या सिंथेसायझरची जोडणीपद्धती वेगळी होती आणि एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी सहजासहजी जोडता येत नसे. मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही वाद्ये वापरून रागांवर आधारित डिस्को संगीताची ध्वनिमुद्रिका १९८२ साली तयार केली, तेव्हा मिडी मानक अस्तित्वात आलेले नव्हते. टीबी-३०३ मधील एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मींडेच्या जवळ जाणारी असल्याने ती त्या ध्वनिमुद्रिकेत ठळकपणे ऐकू येते.

सर्व कंपन्यांसाठी सामाईक मानकाचा प्रस्ताव अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये मांडला. जपानमधील रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी तो उचलून धरला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील नॅम प्रदर्शनात या दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एकाच तारेने जोडून वाजवून दाखवण्यात आले व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडी १.० हे मानक प्रसिद्ध झाले. मिडी हे ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या नावाचे लघुरूप आहे. या कार्यासाठी स्मिथ आणि काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

वाजवण्याचा भाग आणि आवाजाचा भाग यांची फारकत झाल्यावर केवळ कळा असलेले ‘मास्टर कीबोर्ड’ १९८०च्या दशकातच निघाले, परंतु ते स्टुडिओपुरते राहिले. १९९६ मध्ये आलेले व्हीएसटी तंत्र आणि १९९९ मध्ये ठरलेले यूएसबी मिडीचे मानक या दोहोंमुळे संगणकच वाद्य बनला आणि कंट्रोलर घरात आला.

कार्यपद्धती

मिडी संदेशात ध्वनी नसतो. कळांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले असतात. मधल्या सप्तकातील ‘पांढरी एक’ या कळेचा क्रमांक ६०, तर ‘काळी एक’चा ६१. कळ किती वेगाने खाली गेली, याचे माप १ ते १२७ या अंकांत नोंदले जाते व त्यास वेलॉसिटी म्हणतात. स्वर वर-खाली सरकवणारे पिच बेंड चाक १६,३८४ पायऱ्यांत काम करते. याशिवाय चाके, सरकत्या पट्ट्या, गोल खुंट्या व पेडल यांसाठी क्रमांक ठरलेले आहेत. १ हा मॉड्युलेशन चाकाचा, ११ एक्स्प्रेशनचा आणि ६४ सस्टेन पेडलचा क्रमांक होय.

ध्वनीऐवजी संख्या साठवल्या जात असल्याने मुद्रणानंतरही फेरफार करता येतो. गायकाने ऐनवेळी काळी एकऐवजी काळी दोनमध्ये गायचे ठरवले, तर आधी वाजवलेली साथ दोन अर्धस्वर वर सरकवता येते. तबल्याच्या रियाजासाठी वाजवलेला लेहरा स्वर न बदलता हव्या त्या लयीत ऐकता येतो. चुकलेला एखादा स्वर तेवढाच दुरुस्त होतो. याच सोयीपोटी प्रत्येक स्वर मात्रेवर नेमका बसवून टाकण्याची सवय मात्र अनेकांना लागते. भजनाच्या ठेक्यातील मुद्दाम मागे रेललेली चाल अशा दुरुस्तीत नाहीशी होते.

कळांची संख्या आणि आकार

बाजारात प्रामुख्याने २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ कळांचे कंट्रोलर मिळतात. तीन ते साडेतीन सप्तकांच्या पेटीला साधारण ३७ ते ४२ कळा असतात. त्यामुळे चार सप्तकांचा, ४९ कळांचा कंट्रोलर पेटीवादकाला अपुरा पडत नाही. २५ कळांवर दोनच सप्तके मावतात. मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत फिरणारी साधी चालसुद्धा वाजवताना बऱ्याच पट्ट्यांत मध्येच सप्तक बदलण्याचे बटण दाबावे लागते आणि साथीत ते अशक्यप्राय ठरते. बासरी, सारंगी इत्यादींच्या काही सॉफ्टवेअर वाद्यांत वादनाचे प्रकार बदलण्यासाठी खालच्या कळा राखून ठेवलेल्या असतात. त्या वजा जाता लहान कंट्रोलरवर वाजवायला फारसे काही उरत नाही. प्रवासात चाली टिपून ठेवणे किंवा ताल भरणे एवढेच काम असल्यास २५ कळा पुरतात. अकाई एमपीके मिनी आणि आर्टुरिया मिनीलॅब ही त्या वर्गातील परिचित नावे आहेत.

लहान कंट्रोलरमध्ये कळा बहुधा बारीक असतात. पूर्ण आकाराची पांढरी कळ सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असते. त्या हिशेबाने केवळ कळांची रांग ४९ कळांसाठी सुमारे ६८ सेंटिमीटर, ६१ साठी ८५ सेंटिमीटर व ८८ साठी १२२ सेंटिमीटर भरते. उपकरणाची एकूण लांबी त्याहून अधिक होते, कारण चाके बहुधा डाव्या बाजूला असतात. मांडी घालून वाजवणाऱ्यासाठी ४९ कळांचा कंट्रोलर चौरंगावर बसतो. हातोडीच्या यंत्रणेचा ८८ कळांचा कंट्रोलर दहा किलोंहून जड असतो आणि त्याला कायमची घडवंचीच लागते.

कळांचा स्पर्श आणि भात्याचा पर्याय

कळांच्या यंत्रणेचे तीन प्रकार आहेत. पहिला स्प्रिंगवर चालणारा हलक्या कळांचा, दुसरा थोडा जडपणा दिलेला आणि तिसरा पियानोच्या हातोड्यांची नक्कल करणारा. पियानो शिकणाऱ्याला तिसऱ्या प्रकाराची शिफारस केली जाते व ती योग्यच आहे. पेटीवादकाच्या बाबतीत हीच शिफारस नडते. पेटीवर मींड नसते. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्या परंपरेने ही उणीव हलक्या बोटांनी, कणस्वरांनी आणि एकाच स्वराच्या जलद पुनरावृत्तीने झाकण्याचे तंत्र विकसित केले. अशा वादनासाठी कळ हलकी हवी आणि बोट उचलताच ती वर यायला हवी. हातोडीच्या जड कळांवर द्रुत ताना थकवतात. हलक्या किंवा मध्यम जड कळाच या वादनाला मानवतात.

दुसरा फरक अधिक मूलभूत आहे. पियानोत आवाजाचा लहानमोठेपणा कळेवरील आघातावर ठरतो, तर पेटीत तो भात्यातील हवेवर. पेटीची कळ कितीही जोराने दाबली तरी आवाज वाढत नाही, उलट स्वर सुरू झाल्यानंतरही भात्याने तो फुलवता वा मिटवता येतो. कंट्रोलर मात्र प्रत्येक कळेचा वेग मोजतो, आणि बोटांचा दाब सारखा ठेवण्याची सवय नसल्याने नवख्या वादकाच्या मुद्रणात काही स्वर अकारण ओरडतात, तर काही दबतात. यावर उपाय दोन भागांत करावा लागतो. वेलॉसिटीचा प्रतिसाद स्थिर ठेवणे किंवा सपाट करणे हा पहिला भाग. बहुतेक कंट्रोलरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. दुसरा भाग म्हणजे आवाजाची चढउतार ११ क्रमांकाच्या एक्स्प्रेशनकडे सोपवणे. ते काम मॉड्युलेशन चाकावर किंवा सरकत्या पट्टीवर लावले, तर भाता मारणारा डावा हात पुन्हा कामाला लागतो. पायाच्या एक्स्प्रेशन पेडलवर लावले, तर दोन्ही हात मोकळे राहतात आणि वादनाची पद्धत संगीत नाटकांतील पायाने हवा भरण्याच्या ऑर्गनच्या जवळ जाते.

यासाठी कंट्रोलरला एक्स्प्रेशन पेडलचे स्वतंत्र छिद्र आहे का, हे पाहावे लागते. स्वस्त नमुन्यांत बहुधा केवळ सस्टेन पेडलचीच सोय असते. पेडलची अंतर्गत जोडणी सर्व कंपन्यांची सारखी नसते. एका कंपनीचे सस्टेन पेडल दुसरीच्या कंट्रोलरवर उलटे चालून पाय उचलल्यावर स्वर लांबत राहिल्याचे अनुभवास येते. अनेक पेडलांवर ही दिशा बदलण्याचे बटण असते. पेटीसाठी सस्टेन पेडलचा तसाही उपयोग नाही.

पट्टी बदलण्यासाठी ‘ट्रान्सपोज’ची सोय जवळपास सर्वच कंट्रोलरमध्ये असते. स्केलचेंजर पेटीत कळांची अख्खी चौकट सरकवावी लागते, येथे एक बटण पुरते. पेटीवर एकाच पट्टीत वाजवण्याची सवय असलेल्यांना ही सोय वरदान वाटते. तथापि बदललेल्या पट्टीचेच क्रमांक मुद्रित होत असल्याने पुढच्या बैठकीत तीच मांडणी पुन्हा लावली नाही, तर जुने व नवे भाग एकमेकांशी जुळत नाहीत. पट्टी कंट्रोलरवर न बदलता सॉफ्टवेअरमध्ये बदलणे हा सुरक्षित मार्ग आहे, कारण ती त्या गाण्याच्या फाइलबरोबर साठवली जाते.

श्रुतींचा प्रश्न

हार्मोनियम १९व्या शतकात युरोपातून भारतात आले आणि त्याबरोबर सप्तकाचे बारा समान भाग करणारी सुरावटही आली. समान विभागणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). तानपुऱ्यात ऐकू येणारा, ५:४ या प्रमाणातील गंधार ३८६ सेंटवर असतो. पेटीचा गंधार त्याहून १४ सेंट चढा आणि शुद्ध धैवत ५:३ या प्रमाणाच्या मानाने १६ सेंट चढा लागतो. पंचमातील फरक मात्र केवळ दोन सेंटांचा आहे. मींडेचा अभाव आणि स्वरांतील हा फरक ही हार्मोनियमवरील आक्षेपांची प्रमुख कारणे होती. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती.

या प्रश्नावर महाराष्ट्रात बरेच काम झाले. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे त्यांनी श्रुतींची मोजमापे केली होती. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुती हार्मोनियम तयार करण्यात आले. ते १९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत वादाचा विषय ठरले. अलीकडच्या काळात गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी विकसित केली.

मिडी कंट्रोलर या वादात अनपेक्षित बाजूला उभा आहे. तो केवळ कळेचा क्रमांक पाठवतो, तो स्वर किती कंपनांवर वाजवायचा हे आवाज निर्माण करणारे सॉफ्टवेअर ठरवते. देवलांना ज्यासाठी निराळ्या स्वरपट्ट्या आणि निराळे वाद्य बनवून घ्यावे लागले, ते बारा आकडे बदलून साधते. मिडीमध्ये सुरावट बदलण्याचे मानक १९९२ पासून आहे आणि अनेक सॉफ्टवेअर वाद्ये ‘स्काला’ नावाच्या फाइलींतून हव्या त्या श्रुतींची मांडणी वाचतात. म्हणून श्रुतींच्या दृष्टीने महागडा कंट्रोलर घेण्याचे कारण नाही. सॉफ्टवेअर निवडताना मात्र त्यात सुरावट बदलता येते का, हे आधी तपासणे आवश्यक ठरते. केवळ ध्वनीचे नमुने वाजवणाऱ्या काही मोफत वाद्यांत ही सोय नसते.

रागाच्या ओघात तोच गंधार आरोहात एक व अवरोहात दुसरा लावायचा असेल, किंवा मींड घ्यायची असेल, तर आकड्यांचा तक्ता पुरत नाही आणि पिच बेंड चाकाकडे वळावे लागते. चाकाचा पल्ला सामान्यतः दोन अर्धस्वर वर व दोन खाली असा ठेवलेला असतो. त्या पल्ल्यात गंधार १४ सेंट उतरवण्यासाठी मधल्या स्थानापासून सुमारे ५७० पायऱ्या खाली यावे लागते. गणिताने ही सूक्ष्मता उपलब्ध असली, तरी स्प्रिंगने मध्यावर परतणाऱ्या चाकावर ती अंगठ्याने धरून ठेवणे अवघड आहे. पल्ला एका अर्धस्वरापर्यंत कमी केल्यास श्रुतींवर ताबा वाढतो, तर बारा अर्धस्वरांपर्यंत वाढवल्यास सप्तकभराची मींड घेता येते. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. काही छोट्या कंट्रोलरमध्ये चाकाऐवजी स्पर्शपट्टी किंवा आखूड दांडी असते. मींडेच्या दृष्टीने मोठे चाक या दोहोंपेक्षा सरस आहे.

पिच बेंड त्या चॅनलवरील सर्व स्वरांना एकाच वेळी हलवतो. त्यामुळे षड्ज धरून ठेवून वरचा स्वर घसरवता येत नाही, षड्जही त्याच्याबरोबर घसरतो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनल देणारी एमपीई ही पद्धत २०१८ मध्ये मानकात समाविष्ट झाली. रोली सीबोर्डसारख्या मऊ पृष्ठभागाच्या कंट्रोलरवर बोट सरकवून मींड आणि हलवून आंदोलन काढता येते. त्यांची किंमत साध्या कंट्रोलरच्या कित्येक पट असते आणि पेटीचा हात त्यांवर उपयोगी पडत नाही, ते वाद्य नव्याने शिकावे लागते.

तालवाद्ये आणि भारतीय आवाज

अनेक कंट्रोलरवर आठ किंवा सोळा रबरी पॅड असतात. तबल्याचे सुटे बोल त्यांवर लावून साधा ठेका भरता येतो. डग्ग्यावरील घिस्सा मात्र निव्वळ आघाताने येत नाही, त्यासाठी दाब ओळखणारे पॅड किंवा पिच बेंड वापरावा लागतो. ढोलकीच्या कडक बोलांना पॅड बऱ्यापैकी मानवतात.

१९९१ च्या जनरल मिडी यादीतील १२८ आवाजांत सतार आणि शहनाई आहेत, परंतु हार्मोनियम नाही. त्यातल्या त्यात जवळचा आवाज २१व्या क्रमांकाचा रीड ऑर्गन होय. यादीतील तालवाद्यांत बाँगो आणि काँगा आहेत, तबला नाही. त्यामुळे कंट्रोलरबरोबर मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय वाद्ये असतीलच असे नाही व त्यांसाठी वेगळा खर्च धरावा लागतो.

कॅसिओ आणि यामाहा यांनी भारतीय बाजारासाठी काढलेल्या कीबोर्डांत तबला, हार्मोनियम, तानपुरा इत्यादी आवाज असतात व त्यांपैकी अनेकांना संगणकाशी जोडण्याचे यूएसबी छिद्र असते. घरात असा कीबोर्ड असल्यास तोच कंट्रोलर म्हणून वापरता येतो आणि नवीन खरेदी टळते. फक्त त्याच्या कळा वेलॉसिटी नोंदवतात का, हे पाहावे लागते. अगदी प्राथमिक नमुन्यांत ती सोय नसते, पण पेटीच्या आवाजापुरती तिची उणीवही भासत नाही.

जोडणी, विलंब आणि वीज

बहुतेक कंट्रोलर एकाच यूएसबी तारेतून माहिती पाठवतात व वीजही घेतात. लॅपटॉपच्या बॅटरीवर दोन्ही चालत असल्याने वीजपुरवठा खंडित झाला तरी मुद्रण थांबत नाही. ग्रामीण मराठवाड्यात हा गुण कागदावरील वैशिष्ट्यांच्या यादीत दिसतो त्याहून मोलाचा आहे. पाच टाचण्यांचे जुने गोल मिडी छिद्र मुख्यतः सिंथेसायझर थेट जोडायचे असल्यास लागते. अँड्रॉइडमध्ये मिडीची सोय आवृत्ती ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. ओटीजी तारेने कंट्रोलर मोबाइलला जोडता येतो. मोबाइलमधून पुरेशी वीज न मिळाल्यास मध्ये स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब लावतात.

कळ दाबणे आणि आवाज ऐकू येणे यांत पडणाऱ्या अंतराचा दोष बहुधा कंट्रोलरवर ढकलला जातो. प्रत्यक्षात कंट्रोलर आपला संदेश सुमारे एक मिलिसेकंदात पोहोचवतो, विलंब होतो तो संगणकात. ध्वनी ज्या तुकड्यांत तयार केला जातो तो तुकडा ५१२ नमुन्यांचा असेल, तर ४४,१०० हर्ट्झ वेगाला ११.६ मिलिसेकंद लागतात, १२८ नमुन्यांचा असेल तर २.९. दहा मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे स्पीकर सुमारे साडेतीन मीटर दूर ठेवल्यासारखे होय. साथ म्हणून तो चालतो, द्रुत लयीत बोचतो. विंडोजवर एएसआयओ प्रकारचा ड्रायव्हर वापरल्याने किंवा ऑडिओ इंटरफेस घेतल्याने फरक पडतो, कंट्रोलर बदलल्याने पडत नाही. ब्लूटूथ हेडफोनचा विलंब याहून बराच मोठा असतो आणि त्यावर ऐकत वाजवणे जवळपास अशक्य असते. गायनही मुद्रित करायचे असल्यास माइकसाठी ऑडिओ इंटरफेस लागतोच. मर्यादित पैशांत ४९ हलक्या कळांचा साधा कंट्रोलर आणि त्याच्या जोडीला इंटरफेस, ही वाटणी खुंट्या-पॅडांनी भरलेल्या एकट्या महाग कंट्रोलरपेक्षा घरगुती मुद्रणाला अधिक उपकारक ठरते.

खरेदी आणि देखभाल

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर किंवा औंढा नागनाथ अशा ठिकाणी भजनी मंडळे व पेटीवादक आढळतात आणि संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सीही याच जिल्ह्यात आहे. अशा गावांतील खरेदीदाराला कंट्रोलर हाताळून पाहण्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते, अन्यथा न पाहता मागवावा लागतो. कळांचा स्पर्श चित्रावरून किंवा चित्रफितीवरून समजत नाही. ओळखीच्या वादकाकडील त्याच प्रकारच्या कळा, नमुना वेगळा असला तरी, काही मिनिटे वाजवून पाहणे त्यामुळे उपयुक्त ठरते. दुरुस्तीची सोयही जवळ नसल्याने परत करण्याची मुदत आणि हमीच्या अटी यांना महत्त्व येते.

वापरलेला कंट्रोलर घेताना मिडी संदेश दाखवणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर उघडून प्रत्येक कळ हळू व जोरात दाबून पाहतात. एखादी कळ सतत १२७ दाखवत असेल, दोनदा वाजत असेल किंवा मुकी असेल, तर तिच्याखालील रबरी संपर्कपट्टीवर धूळ बसलेली असते. हा दोष पुष्कळदा पट्टी स्वच्छ केल्याने जातो. पिच बेंड चाक सोडल्यावर त्याचा आकडा नेमक्या मध्यावर परत येतो का, हेही तेव्हाच दिसते. न येणाऱ्या चाकामुळे सर्व वाद्ये किंचित बेसूर वाजतात आणि कारण लवकर सापडत नाही. यूएसबी छिद्र सैल असणे हाही एक दोष होय. वाजवून झाल्यावर कंट्रोलरवर कापड टाकून ठेवण्याची पेटीवादकांची जुनी सवय येथेही कामी येते.